राऊटर एक, बेस दोन : आधी कोणता घ्यावा?

हाताच्या मेहनतीने कमावलेल्या रोजीला आपल्या दीनमध्ये मोठा मान आहे. हजरत जकरिया (अलै.) सुतारकाम करीत, हजरत दाऊद (अलै.) लोखंडाची चिलखते बनवीत. तेव्हा मुलाने सुतारकाम निवडले म्हणून कोणत्याही घराने संकोच करण्याचे कारण नाही. पण हुन्नर हाती आला की पुढचा प्रश्न अवजारांचा येतो. खिशात मोजके पैसे असतात, दुकानात चाळीस वस्तू मांडलेल्या असतात आणि न लागणारी वस्तू घरी आली तर ती वर्षभर कोपऱ्यात पडून राहते. या सदरात आम्ही मुलांचे शिक्षण आणि रोजगार यांबद्दल लिहीत असतो. या महिन्यात एकाच यंत्राबद्दल जरा सविस्तर लिहीत आहोत.

निमित्त झाले एका वाचक भगिनीच्या पत्राचे. त्यांचा मुलगा आयटीआयमधून सुतारकाम शिकला आणि आता मामूंच्या हाताखाली इंटिरियरच्या कामावर जातो. शुक्रवारी आणि रात्री घरी बसून रेहल, किताबांची कपाटे, नावाच्या पाट्या अशी छोटी कामे स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावीत, अशी त्याची इच्छा आहे. त्यासाठी राऊटर घ्यायचा आहे आणि पैसे एकाच यंत्रापुरते आहेत. मामू म्हणतात, "फिक्स्ड बेसचा घे, मजबूत असतो." दुकानदार म्हणतो, "प्लंज घ्या, सगळी कामे होतात." आईने विचारले आहे की दोघांपैकी खरे कोण सांगतो?

आमचे उत्तर असे की दोघेही आपापल्या ठिकाणी खरे सांगत आहेत. फरक यंत्राच्या चांगले-वाईटपणाचा नाही, कामाचा आहे. तो कसा, हे समजले की निर्णय घरात बसून घेता येईल.

यंत्र एकच, पाय वेगळे

राऊटर म्हणजे उभी धरलेली मोटार. तिच्या खालच्या टोकाला कॉलेट नावाची चिमटी असते. चिमटीत बिट, म्हणजे धार असलेला छोटा दांडा, घट्ट बसवतात. मोटार सुरू झाली की बिट मिनिटाला साधारण दहा हजार ते तीस हजार फेरे घेते आणि लाकूड खरवडत जाते. ज्या कामाला पूर्वी पटाशी, रंधा आणि अर्धा दिवस लागत असे ते काम काही मिनिटांत होते. सनमाईकाच्या कडा साफ करायला आपले कारागीर जो छोटा ट्रिमर वापरतात तोही याच घराण्यातला. तो साधारण ५०० ते ७०० वॅटचा असतो आणि एका हातात मावतो. मोठे राऊटर १२०० वॅटच्या पुढचे असतात आणि दोन्ही हातांनी धरावे लागतात.

मोटार लाकडावर नुसती धरता येत नाही. तिला बसायला जो पाय लागतो, तोच बेस. बिट लाकडात किती खोल जाईल हे बेस ठरवतो. फिक्स्ड आणि प्लंज हा फरक एवढ्याच गोष्टीचा आहे.

फिक्स्ड बेसमध्ये मोटार एका धातूच्या कड्यात बसते. यंत्र बंद असताना मोटार वर-खाली करून खोली ठरवायची, कडे आवळायचे आणि मग यंत्र सुरू करायचे. काम संपेपर्यंत खोली तीच राहते. बिट सुरुवातीपासून बेसच्या खाली आलेले असते.

प्लंज बेसमध्ये मोटार दोन उभ्या खांबांवर बसते आणि खांबांना स्प्रिंग असतात. हात ढिला ठेवला की मोटार वर उचललेली राहते आणि बिट बेसच्या आत लपलेले असते. यंत्र सुरू करून दोन्ही मुठी दाबल्या की बिट सरळ खाली लाकडात उतरते. हवी तेवढी खोली आली की खटका दाबून मोटार तिथेच अडकवायची. काम झाले की खटका सोडायचा आणि बिट पुन्हा वर येते. किती खाली जायचे हे आधीच ठरवता यावे म्हणून बाजूला एक अडसर-दांडी असते. तिच्या खाली पायऱ्यांची फिरती चकती असते, म्हणजे एकच खाच दोन-तीन टप्प्यांत खोल करता येते.

काप कुठून सुरू होतो?

आता मुलाला एकच प्रश्न विचारायचा. तुझा काप फळीच्या कडेपासून सुरू होतो की फळीच्या मधूनच? बाकीचे बहुतेक प्रश्न या एका प्रश्नातून सुटतात.

किताबांच्या कपाटाचे उदाहरण घेऊ. १८ मि.मी. जाडीच्या उभ्या फळीत आडवी फळी बसवण्यासाठी ६ मि.मी. खोल खाच पाडायची आहे. खाच मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत आरपार असेल तर फिक्स्ड बेस उत्तम. कडेच्या बाहेर यंत्र सुरू करायचे, पट्टीच्या आधाराने सरळ ढकलत न्यायचे आणि दुसऱ्या कडेने बाहेर काढायचे. खोली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी येते.

आता कपाट समोरून सुबक दिसावे म्हणून खाच पुढच्या कडेच्या २० मि.मी. आधी थांबवायची आहे, असे समजा. हेही फिक्स्ड बेसने होते. मागच्या कडेने शिरायचे आणि जिथे थांबायचे तिथे लाकडाचा तुकडा क्लॅम्पने आवळून अडसर करायचा. तिथे पोहोचल्यावर यंत्र बंद करून बिट पूर्ण थांबेपर्यंत हलवायचे नाही. उतावळेपणाने फिरते बिट वर उचलले तर खाचेचा काठ उखडतो.

तिसरे काम रेहलचे. रेहलच्या पाकळीवर मधोमध एक चौकट कोरून तिच्यात नक्षी बसवायची आहे. या कामात काप कोणत्याही कडेला लागत नाही. सुरुवातही मध्ये आणि शेवटही मध्ये. फिक्स्ड बेसवर हे करायचे तर फिरते बिट बाहेर काढलेल्या अवस्थेत यंत्र तिरपे धरून हळूहळू लाकडात टेकवावे लागते. अनुभवी हात ते करतात, पण नवशिक्याच्या हातून यंत्र उसळते, लाकडावर चरा पडतो आणि कधी बोटावर बेतते. दुसरा उपाय म्हणजे आधी ड्रिलने भोक पाडून त्यात बिट ठेवून सुरू करणे. प्लंज बेसवर मात्र बेस आधी सपाट टेकलेला असतो आणि बिट सरळ खाली उतरते. चौकटीच्या सांध्यासाठी लागणारे आंधळे भोक, पाटीवर कोरायची अक्षरे, फळीच्या मधली जाळी ही सगळी याच प्रकारची कामे आहेत.

खोल कामातही प्लंज सरस ठरतो. सांध्याचे भोक ३० मि.मी. खोल हवे असेल तर ते एका दमात घेता येत नाही. दर फेरीला ५ मि.मी. घेतले तरी सहा फेऱ्या लागतात. फिक्स्ड बेसवर दर फेरीला यंत्र बंद करा, कडे ढिले करा, खोली मोजा, पुन्हा आवळा. प्लंजवर खटका सोडला, आणखी दाबले, खटका लावला की पुढची फेरी सुरू.

मग फिक्स्ड कशाला?

मामूंचे म्हणणे हलके घेऊ नये. इंटिरियरच्या कामावर दिवसभर चालते ते कडेचे काम. सनमाईका साफ करणे, टेबलाच्या कडेला गोलाई देणे, दाराच्या कडेला बिजागरीसाठी दोन-तीन मि.मी.ची जागा करणे, ही सगळी कडेपासून सुरू होणारी कामे आहेत. फिक्स्ड बेसच्या मुठी खाली, लाकडाजवळ असतात आणि मोटारीचे वजनही खाली राहते. त्यामुळे अरुंद कडेवर यंत्र डगमगत नाही. प्लंजचे वजन वर असते. कडेवर चालवताना त्याचा निम्म्याहून अधिक बेस हवेत असतो आणि जरासा हात कलला तर गोलाईत खड्डा पडतो. प्लंजनेच अशा कडेवर काम करायचे असेल तर फळीला बाजूने दुसरी फळी आवळून बेसला बसायला रुंदी करून द्यावी लागते.

फिक्स्डमध्ये हलणारे भाग कमी, म्हणून बिघाडही कमी. प्लंजच्या खांबांवर भुसा साचला की मोटार अडकत खाली जाते, एका बाजूला कलते आणि भोक तिरपे होते. खांब रोज कोरड्या फडक्याने पुसावे लागतात. खांबांवर तेल ओतले तर भुसा आणखी चिकटतो, हे लक्षात ठेवावे. शिवाय राऊटर उलटा करून टेबलाखाली बसवायचा असेल तर फिक्स्ड सोयीचा. प्लंजचे स्प्रिंग तिथे उलट्या दिशेने जोर करतात आणि केसभर उंची बदलणे जिकिरीचे होते.

खटका लावून खोली पक्की केली की प्लंजकडून फिक्स्डची बरीचशी कामे करून घेता येतात, थोडी गैरसोय सोसून. फिक्स्डकडून मात्र फळीच्या मधले काम सुरक्षितपणे करून घेणे नवशिक्याला कठीण जाते. एकच यंत्र घ्यायचे असते तेव्हा हा मुद्दा वजनाचा ठरतो.

आमचा सल्ला

पत्रातल्या मुलासाठी आमचा कौल प्लंजला आहे. त्याला घरी करायची आहेत ती रेहलची, पाट्यांची आणि सांध्यांची कामे, म्हणजे मधून सुरू होणारी. दिवसभराचे कडेचे काम मामूंच्या यंत्रावर होतच आहे. घरच्या एखाद्या कपाटाची कडा साफ करायची झाली तर मामूंच्या परवानगीने एका संध्याकाळपुरता ट्रिमर मागून आणता येईल. मागून आणलेले यंत्र अमानत असते. परत देताना ते पुसून, धार तपासून द्यावे, म्हणजे पुढच्या वेळी मागताना जीभ अडखळत नाही.

मुलगा घरची कामे न घेता फक्त साइटवर राबणार असता आणि त्याच्याकडे स्वतःचे काहीच नसते, तर आम्ही उलट सांगितले असते. आधी छोटा फिक्स्ड ट्रिमर घे, कारण तुझी रोजची मजुरी त्यावर उभी राहील.

तिसरी वाटही आहे. काही कंपन्या एकाच मोटारीबरोबर दोन्ही बेस देतात आणि काही छोट्या यंत्रांना प्लंज बेस नंतर वेगळा घेता येतो. आज फिक्स्ड घेऊन सहा महिन्यांनी कमाईतून प्लंजची भर घालायची असेल तर खरेदी करतानाच विचारावे की या मॉडेलला दुसरा बेस मिळतो का. एका कंपनीचा बेस दुसऱ्या कंपनीच्या मोटारीला बसेल असे गृहीत धरू नये. घरी नावाच्या पाट्या किंवा शोभेच्या वस्तू बनवणाऱ्या भगिनींना असे छोटे, दोन बेसचे यंत्र हाताला हलके पडते. मात्र ७०० वॅटच्या यंत्राकडून सागवानात जाड बिटाने खोल भोके पाडून घेण्याचा हट्ट धरू नये. मोटार जळते.

विकत घेताना आणि चालवताना

दुकानात बेस बघून झाला की कॉलेट बघावे. आपल्या बाजारात ६ मि.मी. आणि पाव इंच, तसेच १२ मि.मी. आणि अर्धा इंच अशा दोन्ही मापांची बिटे मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी. आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. पण ६ मि.मी.चे बिट पाव इंचाच्या कॉलेटमध्ये बसवले तर कितीही आवळा, ते पकडीत राहत नाही आणि फिरताना सुटून उडू शकते. यंत्राचे माप कागदावर लिहून न्यावे आणि बिट त्याच मापाचे मागावे. बिट बसवताना कॉलेटमध्ये तळापर्यंत सरकवून दोनेक मि.मी. वर ओढावे आणि मग आवळावे. हे सारे प्लग काढून करायचे.

प्लंज असेल तर दुकानातच मोटार चार वेळा वर-खाली दाबून बघावी. एका बाजूला कलू नये, मध्ये अडकू नये, खटका लावल्यावर तसूभरही सरकू नये. फिक्स्ड असेल तर कडे आवळून मोटार हाताने फिरवून बघावी, ती हलता कामा नये.

वेगाचा हिशोब आपण शाळेतल्या गणिताने करू. १२ मि.मी. व्यासाचे बिट मिनिटाला २४,००० फेरे घेत असेल तर त्याच्या धारेचा वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर होतो. त्याच फेऱ्यांवर ५० मि.मी. व्यासाचे बिट लावले तर धारेचा वेग ताशी सुमारे २२६ किलोमीटर होतो. म्हणून बिट जितके रुंद तितका मोटारीचा वेग कमी ठेवायचा. वेग कमी-जास्त करण्याची सोय नसलेल्या यंत्राला रुंद बिटे लावूच नयेत. बिटावर किंवा त्याच्या पाकिटावर कमाल फेरे छापलेले असतात, ते वाचावेत.

यंत्र कोणत्या दिशेने ढकलायचे, हेही पहिल्या दिवशीच शिकवले पाहिजे. वरून पाहिले तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. म्हणून फळीच्या बाहेरच्या कडांवर यंत्र काट्यांच्या उलट दिशेने न्यायचे. आपल्या समोरच्या, अंगाजवळच्या कडेवर याचा अर्थ डावीकडून उजवीकडे. चौकटीच्या आतल्या कडांवर दिशा बरोबर उलटी. चुकीच्या दिशेने नेले तर बिट लाकडाला पकडून चाकासारखे पळते आणि यंत्र हातातून निसटू पाहते. फिक्स्ड असो वा प्लंज, हा नियम बदलत नाही.

काम संपल्यावरची सवय मात्र बेसप्रमाणे बदलते. प्लंजचा खटका सोडला की बिट बेसमध्ये जाते. फिक्स्डचे बिट बाहेरच राहते आणि मोटार बंद केल्यावरही काही क्षण फिरत राहते. ते थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवू नये आणि नंतरही आडवे ठेवावे. घरात काम होणार असेल, आजूबाजूला लहान भावंडे खेळत असतील, तर आईने एवढे एक तरी डोळ्यांत तेल घालून बघावे. सैल बाहीचा कुडता, गळ्यातला रुमाल, लोंबती ओढणी यांपैकी काही अंगावर नको, हातमोजेही नकोत. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे किंवा कानटोपण हवे.

भुशाकडे आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलेला आहे. कडेचे काम करताना हा भुसा खोलीभर उडतो. खाच पाडताना बराचसा खाचेतच दाबून बसतो, म्हणून अधूनमधून थांबून तो साफ करावा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीसाठीचा चांगला मास्क लागतो. कामाचे कपडे बाहेर झटकून वेगळे धुवावेत आणि स्वयंपाकघरालगत यंत्र चालवू नये.

शेवटी पैशांबद्दल. हप्त्यावर यंत्र घेण्याआधी व्याजाचा विचार करावा, कारण हलाल रोजीसाठी घेतलेल्या अवजारावरच व्याजाचे ओझे नको. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. वय किमान १८ वर्षे हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. प्राथमिक प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. ही मदत कर्ज नाही. योजनेतले व्याजी कर्ज वेगळे आहे आणि ते घेतलेच पाहिजे असे नाही. अर्ज करताना अवजारांच्या संचात काय मिळते ते आधी विचारून घ्यावे, म्हणजे जे संचात येते ते पुन्हा विकत घ्यावे लागणार नाही.

यंत्र घरी आल्यावर पहिला आठवडा मुलाने ऑर्डरच्या लाकडाला हात लावू नये. प्लायवूडचे टाकाऊ तुकडे आणावेत, त्यांवर आरपार खाच, एका टोकाला बंद खाच आणि दोन्ही टोकांना बंद खाच अशा तिन्ही खाचा दहा-दहा वेळा पाडाव्यात आणि मामूंना दाखवाव्यात. मामू ठीक म्हणाले की मग रेहलच्या लाकडाला हात लावावा, इन्शाअल्लाह काम नीटच होईल. पुढील अंकात बिटांचे प्रकार आणि त्यांची धार कशी टिकवावी, याबद्दल लिहू.